सदाशिव पेठेत कांबळे मॅडम

आमच्या खात्यात चोरी करण्याचा पगार मिळायचा. दिवसभर गार खोलीत बसून परक्याच्या घरात शिरायचं, पहारेकऱ्यांच्या नजरा चुकवायच्या, कपाटातली वस्तू उचलायची आणि संध्याकाळी कंपनीच्या बसनं घरी जायचं. हे काम सगळ्यांत उत्तम करणारी बाई म्हणजे सुजाता कांबळे. वय पंचेचाळिशीच्या आसपास, गणितात एम. एस्सी., अंगावर सुती साडी आणि डोक्यावर अर्धे पांढरे केस. ते रंगवलेले नव्हते, म्हणजे आयटीच्या मानानं हा एक प्रकारचा बंडखोरपणाच होता.

चोरी अर्थातच व्हिडिओ गेममधली. युरोपातली एक कंपनी हा गेम भागाभागानं काढायची. दर दोन-तीन महिन्यांनी नवा भाग, नवं शहर, म्हणजे आमच्या भाषेत नवी लेव्हल. नायिका एक चोरटी बाई. तिला नाव भारदस्त होतं, पण आम्ही तिला चोरबाईच म्हणायचो. हाणामारी न करता, कोणाला न दिसता, एखाद्या बंदोबस्ताच्या जागेतून एक वस्तू घेऊन बाहेर पडायचं, एवढाच खेळ. लेव्हल बाजारात जाण्याआधी आमच्या खराडीच्या ऑफिसात यायची आणि ती पास की नापास हे कांबळे मॅडम ठरवायच्या.

माझं काम त्यांचा निकाल चांगल्या इंग्रजीत लिहून साहेबाच्या देशात पाठवण्याचं. मी खराडीचाच. ज्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर मी बसायचो, तिच्याखाली पूर्वी आमची ज्वारी उभी असायची. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "वावर गेलं, पर पोरगं अजून वावरातच हाय कामाला." मॅडम मला नावानं हाक मारत नसत, 'लेखक' म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी शोधायला गेलो नाही.

नवी लेव्हल आली की बाकीची मंडळी तिच्यावर तुटून पडत. मॅडम पहिला बराच वेळ काहीच करत नसत. चोरबाईला एका कोपऱ्यात उभी करायची, आपला डबा उघडायचा आणि मेथीची भाजी-भाकरी खात पहारेकऱ्यांकडे बघत बसायचं. प्रत्येक पहारेकऱ्याला त्या 'साहेब' म्हणायच्या. हे साहेब मघापासून भिंतीकडे बघतायत, भिंतीवर काय आहे? या साहेबांनी सकाळपासून पाणी प्यायलेलं नाही, यांना आडोशाला जायला नको का? मी खाली मान घालून लिहायचो, 'पहारेकऱ्यांच्या दिनक्रमात वैविध्य आणण्यास वाव आहे.'

एका भागात बर्फातला राजवाडा होता. तो पाहून त्या म्हणाल्या, "राणीच्या दागिन्यांवर दोन माणसं आणि कोबीच्या गोण्यांवर चार. राणी कोबी घालून दरबारात बसते का?" मी लिहिलं, 'मनुष्यबळाच्या वाटपाचा फेरविचार करता येईल.' पाठवण्याआधी त्या माझा कागद वाचायच्या. वाचून झाला की म्हणायच्या, छान, मला कानफटात मारायची होती, तुम्ही गालावरून हात फिरवलात.

गेममध्ये पहारेकऱ्याला मागून जाऊन बेशुद्ध करायची सोय होती. आमच्यातले काही जण दर लेव्हलला सगळा बंदोबस्त आडवा करून मगच पुढे सरकत. मॅडमनी कधी एकाच्याही अंगाला हात लावला नाही. त्यांची नोकरी आहे ती, म्हणायच्या. ऑफिसबाहेरही त्यांची ही नजर सुटत नसे. टीमबरोबर एखाद्या नव्या हॉटेलात गेल्या की आधी मागचं दार कुठे आहे ते बघत आणि भिंतीला पाठ लावून बसत. कामाची सवय, असं सांगत, आणि आम्ही हसत असू.

लेव्हल चांगली की वाईट हे ठरवायची त्यांची एकच कसोटी होती आणि ती त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. पकडलं गेल्यावर आपलीच चूक होती असं वाटलं, तर लेव्हल चांगली. पकडलं गेलो आणि कितीही शोधली तरी आपली चूक सापडत नाही, तर लेव्हल वाईट. बाकी झाडं हलतात का, पाण्यात सावली पडते का, या सगळ्या लग्नातल्या रोषणाईच्या गोष्टी.

आता त्यांना काय हवं होतं ते सांगतो, कारण ते सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. त्यांना स्वतः एक लेव्हल करायची होती. पण आमच्याकडे बनवणारे आणि तपासणारे अशा दोन पंगती होत्या. बनवणारे खिडकीशी बसत, तपासणारे जिन्याशी. मॅडमनी दर वर्षी पलीकडच्या पंगतीसाठी अर्ज केला आणि दर वर्षी आमचे मॅनेजर प्रसाद सर त्यांना चहा पाजून सांगत, "मॅडम, तुम्ही तिकडे गेलात तर इथलं कोण बघणार?" हे वाक्य ते इतक्या आपुलकीनं म्हणत की नकार मिळालाय हे माणसाला जिन्यापर्यंत आल्यावर कळायचं.

प्रसाद सर माणूस वाईट नव्हता. तो फक्त मॅनेजर होता. रविवारीसुद्धा भाजी आणायला जाताना बायकोशी 'अलाइन' होत असावा, असा आमचा अंदाज होता. एकदा त्या युरोपातल्या कंपनीचा मुख्य माणूस, हेन्रिक, ऑफिस बघायला आला. सरांनी त्याच्यासाठी फेटा, हार, ढोल आणि एक तासाचं सादरीकरण ठेवलं होतं. हेन्रिक सगळं सहन करून थेट मॅडमच्या टेबलाशी आला आणि आमच्या गेममध्ये काय कमी आहे असं त्यानं विचारलं. मॅडमनी डब्याचं झाकण लावलं आणि सरळ इंग्रजीत सांगितलं की तुमच्या पहारेकऱ्यांना घर नाही. हेन्रिकनं ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या भागात एक पहारेकरी मुलीला फोन करून गृहपाठ झाला का विचारत होता आणि तो फोन चालू असताना चोरबाई त्याच्या मागून जाऊ शकत होती. त्या भागाचं जगभर कौतुक झालं. त्याबद्दल प्रसाद सरांना बढती मिळाली आणि मॅडमना कॉफीचा मग मिळाला. मगावर 'स्वप्नं पाहा' असं लिहिलं होतं.

लोणी काळभोरची सहल मी विसरणं शक्य नाही. टीममध्ये एकी यावी म्हणून सरांनी आम्हाला तिथल्या एका शेतावर नेलं. हुरडा, बैलगाडी आणि एकी असा एकत्रित दर होता. दुपारी लपाछपी ठेवली होती. लपून खेळण्याच्या गेमवर जगणारी माणसं ती, ईर्षेला पेटली. कोणी गोठ्यात, कोणी पाण्याच्या टाकीमागे, एक जण तर उसात शिरून हातपाय चिरून घेऊन आला. सरांवर राज्य होतं. त्यांनी एकेकाला शोधून काढलं, कांबळे मॅडम मात्र सापडेनात.

मॅडम अंगणात बसल्या होत्या, अगदी उघड्यावर. शेतावरच्या बायका भुईमुगाच्या शेंगा निवडत होत्या, त्यांच्यात जाऊन बसल्या आणि पदर डोक्यावर घेऊन शेंगा निवडायला लागल्या. एक आजी त्यांना म्हणत होती, "बसा की बाई निवांत, तुमचंच घर हाय." सर त्यांच्यासमोरून कितीतरी वेळा गेले. शेवटी दमून त्यांच्याचपाशी थांबले आणि म्हणाले, मावशी, जरा पाणी मिळेल का? मॅडम उठल्या, माठातलं पाणी आणून दिलं, सरांनी ते प्यायलं, भांडं परत दिलं आणि पुन्हा शोधायला गेले. परतीच्या बसमध्ये मॅडमनी एवढंच विचारलं, "पाणी गार होतं ना, सर?" सगळी बस हसली. सर सगळ्यांत जास्त हसले. मीही हसलो, पण घरी गेल्यावर आठवलं, भांडं परत देतानाही सरांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

यानंतर काही महिन्यांनी हेन्रिकचा निरोप आला. पुढचा एक भाग पुण्यानं स्वतः करावा. शहर आपलं, गोष्ट आपली. अट एकच, तपासणी कांबळे मॅडमची. त्यांनी पास केला तर पुढचा सगळा हंगाम, म्हणजे पुढच्या भागांची अख्खी मालिका, पुण्याच्या ऑफिसला मिळेल आणि त्या हंगामाची प्रमुख म्हणून हेन्रिकनं मॅडमचंच नाव सुचवलं होतं. म्हणजे मॅडमनी एकदा 'ठीक आहे' म्हणायचं, की त्यांची पंगत बदलणार होती. प्रसाद सरांनी पेढे वाटले. मॅडमनी पेढा खाल्ला आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना मी गुणगुणताना ऐकलं.

लेव्हल बनवायला घेतली अद्वैतनं. हा आमच्यातला हुशार पोरगा, मनानं स्वच्छ, सदाशिव पेठेत वाढलेला. त्यानं पेठेतलीच एक तीन मजली सोसायटी उभी केली. वरच्या मजल्यावरच्या कपाटात एक हस्तिदंती पेटी, ती चोरायची. चोरबाई जागा भाड्यानं बघायला आलेली पाहुणी बनून जिन्यात शिरते. आणि पहारेकरी? इथेच अद्वैतचं डोकं चाललं. बंदूक नाही, शिट्टी नाही, कॅमेरा नाही. तळमजल्याच्या खिडकीत एक काकू. जिन्यावर पाऊल पडलं की खिडकीतून आवाज येतो, "कोण? कोणाकडे?" सगळं ऑफिस खूश झालं. पेठेत घराबाहेर पडलेल्या प्रत्येकानं ही काकू पाहिलेली होती, आणि तिच्यासमोर राजवाड्यातले सगळे पहारेकरी कच्चे होते यात वादच नव्हता.

काकूचा आवाज अद्वैतच्या सख्ख्या आत्याचा, सुमनआत्यांचा. त्यानं त्यांना लिहून काही दिलंच नाही. तू एरवी जिन्यात बोलतेस तसंच बोल, म्हणाला, आणि त्या बोलल्या. गेम सुरू करताना खेळाडू आपलं नाव घालतो. एरवी ते फक्त शेवटी गुणांच्या पाटीवर दिसायचं. अद्वैतनं ते पहिल्यांदा गोष्टीत वापरलं, कारण आत्यांचा दुसरा प्रश्नच असा होता, "आडनाव काय?" उत्तर पटलं तर काकू म्हणायच्या, म्हणजे आपल्यातलीच की, जा वर. कोणती आडनावं पटतात हे अद्वैतनं आत्यांनाच विचारलं आणि त्यांनी सांगितली तेवढी घातली. परदेशी नाव असेल तर काकू चहा विचारत. ही पुणेरी गंमत आहे असं त्याला वाटलं. त्याहून जास्त काही त्याला खरंच वाटलं नव्हतं.

टीमनं लेव्हल खेळून पाहिली. सगळे पास. थोडी सोपी आहे, पण मजा येते, असे शेरे आले. आमच्या टीमची जवळजवळ झाडून सगळी आडनावं आत्यांच्या पसंतीला उतरली, यातच आमच्या नोकरभरतीची हकिकत आली. मग ती मॅडमकडे गेली. मॅडमनी डबा उघडला, चोरबाईला फाटकाशी उभी केली, काकूंकडे बराच वेळ बघितलं आणि जिन्याकडे निघाल्या.

"आडनाव काय?" काकूंनी विचारलं. पडद्यावर नाव उमटलं, कांबळे.

"हो का," काकू म्हणाल्या. "जागा कालच गेली हो."

आणि लगेच धोक्याची घंटा, तिन्ही मजल्यांची दारं बंद, खेळ खलास. मॅडम पुन्हा गेल्या. चोरबाईची साडी बदलून गेल्या, दुपारच्या झोपेच्या वेळी गेल्या, हातात फुलांची पुडी घेऊन गेल्या. जागा कालच गेली. त्यांनी मला शेरा सांगितला, 'जिन्याच्या पुढे जाता येत नाही.'

आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. ज्यानं चूक सांगितली त्यानं ती दुसऱ्याच्या मशीनवर घडवून दाखवायची. तिथे घडली नाही तर ती चूकच नव्हे. अद्वैतनं आपल्या मशीनवर पाहिलं, सरळ वर गेला. प्रसाद सरांनी पाहिलं, काकूंनी त्यांना लिंबाचं सरबत विचारलं. आमच्याकडे तर होत नाहीये मॅडम, असं सगळ्यांनी फार सौजन्यानं सांगितलं. मग दोष मॅडमच्या मशीनचा ठरला. मशीन बदललं. केबल बदलली. एकानं खिडकीचा पडदा लावून पाहिला, एकानं त्यांची खुर्ची बदलली. दोन दिवस चांगली शिकलेली माणसं त्या टेबलाभोवती वाकून वाकून बघत होती आणि मॅडम बाजूच्या स्टुलावर बसून आमच्याकडे, आम्ही जणू नव्या लेव्हलचे साहेब लोक असल्यासारखं, बघत होत्या. त्यांना पहिल्या मिनिटालाच सगळं कळलेलं होतं. ते आम्हाला कळायला किती वेळ लागतो, हे त्या तपासत होत्या.

शेवटी त्यांनीच मोठ्या खोलीत सगळ्यांना बोलावलं, मोठा पडदा लावला आणि अद्वैतला पुढे बसवलं. शांतपणे म्हणाल्या, "मशीन बदललंत, केबल बदललीत. एक गोष्ट राहिलीय. तुमचं नाव काढा आणि माझं घाला."

अद्वैतनं नाव घातलं. जिन्याशी गेला. आत्यांचा आवाज सगळ्या खोलीत घुमला, जागा कालच गेली हो. तो हसला, कारण अजून त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. पुन्हा गेला. मागच्या बोळानं गेला, आपण स्वतः बनवलेल्या खास वाटेनं गेला. प्रत्येक वेळी तेच वाक्य, तसंच गोड. हळूहळू त्याचा वेग कमी झाला आणि मग त्याचा हात थांबला. खोलीत कोणी कोणाकडे बघेना. मागे बसलेल्या, आमच्याच पंगतीतल्या इरफानला सरांनी, विषय बदलावा म्हणून असेल, विचारलं की तुझ्याकडे कसं काय चाललं होतं? इरफान म्हणाला, "मी कुठलाही गेम खऱ्या नावानं खेळत नाही, सर. 'टायगर' घालतो." काकूंना तो परदेशी वाटला होता आणि त्याला चहा मिळाला होता.

"आत्या तशी नाहीये हो मॅडम," अद्वैत म्हणाला. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"मी कुठे काय म्हटलं?" मॅडम म्हणाल्या. "चहा चांगला करत असतील."

मग त्यांनी निकाल सांगितला. लेव्हल उत्तम आहे. काकू खऱ्या आहेत, इतकी खरी पहारेकरी या गेममध्ये आजवर झाली नाही. दोष एवढाच की निम्म्या लोकांना ही लेव्हल फार सोपी जाते आणि उरलेल्यांना ती सुरूच होत नाही. तेव्हा ती सगळ्यांना सारखी करावी. "सगळ्यांना माझं आडनाव द्या," त्या म्हणाल्या. "जगात कुठेही कोणीही खेळो, जिन्याशी आला की तो कांबळे."

प्रसाद सरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी संवेदनशीलता, प्रतिमा, ग्राहक असे बरेच शब्द वापरले आणि दुसऱ्या दिवशी अद्वैतकडून आडनावाचा प्रश्नच काढवून टाकला. आता काकू येईल त्याला म्हणत, या, या, जा वर. मॅडमनी ती लेव्हल खेळून पाहिली आणि डब्यातली पहिली भाकरी संपायच्या आत पेटी घेऊन बाहेर पडल्या. सरांनी आशेनं विचारलं, झालं ना? म्हणाल्या, "छान गाव आहे. कुठलं म्हणायचं?"

सरांनी त्यांना बाजूला नेलं. मी तिथेच होतो, मला त्यांनी हिशेबात धरलं नाही. त्यांचं म्हणणं सोपं होतं. आत्ता ठीक आहे म्हणा, हंगाम आपल्याला मिळू दे, प्रमुख तुम्हीच आहात, मग पुढे हवी तशी लेव्हल करा. इतकी वर्षं थांबलात, आता हातातोंडाशी आलंय. तुम्हीच नापास केलंत तर तुमचंच जाईल, हेही त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. मला वाटलं त्यांनी हो म्हणावं. अगदी मनापासून वाटलं. मॅडमनी सरांचं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, "लेखक, नापास लिहा. आणि या वेळी गालावरून हात फिरवू नका."

मी त्यांचे शब्द जसेच्या तसे इंग्रजीत घातले. आयुष्यात एवढं बरं इंग्रजी मी पुन्हा लिहिलं नाही. आठवडाभर काही उत्तर आलं नाही. त्या आठवड्यात सर मॅडमशी बोलले नाहीत आणि खिडकीकडच्या पंगतीनं त्यांना पाहून आवाज खाली केला. मी एकदा धीर करून विचारलं, तुम्हाला पेठेत कधी असा अनुभव आला होता का? त्या म्हणाल्या, मी कॉलेजात असताना वसतिगृहात राहिले, तिथली आमटी फार चांगली असायची. तेवढ्यावर विषय संपला.

हेन्रिकचं उत्तर दोन ओळींचं होतं. निकाल मान्य. लेव्हल मॅडमनी म्हटल्याप्रमाणे करावी आणि ती मॅडमनीच करावी. प्रसाद सरांनी लगेच सगळ्यांना गोळा करून, आपण सर्वसमावेशकतेवर आधीपासूनच कसं काम करत होतो, यावर छोटं भाषण केलं. मॅडमना खिडकीशी टेबल मिळालं. तिथे ऊन येतं म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी पडदा लावून घेतला.

मग त्यांनी आणि अद्वैतनं ती लेव्हल पुन्हा बांधली. तो पोरगा त्या दिवसांत मान खाली घालून, पण जीव तोडून राबला. इरफाननं एक नियम सुचवला. खोटं आडनाव सांगून वर जाता येईल, पण मग इमारतीत कुठेही त्या खोट्या नावानं हाक आली की वळून बघायचं. एकदा जरी विसरलात की पकडले. मॅडमना तो फार आवडला. खरं नाव सांगून वर जायचा रस्ता कुठून ठेवू, असं अद्वैतनं त्यांना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, तो सापडला तर मलाही सांग.

पुढे तो भाग बाजारात आला आणि देशोदेशीची पोरं त्या जिन्याशी अडकून चडफडायला लागली, हे मी बाहेरून वाचलं. तोवर मी दुसरी नोकरी धरली होती. मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधी, आवाजाच्या रेकॉर्डिंगला.

काकूंना आता जगभराला नकार द्यायचा होता. एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाजवून चालणार नव्हतं, म्हणून आत्यांना पुन्हा बोलावलं होतं. सुमनआत्या आल्या त्या शंकरपाळ्यांचा डबा घेऊन. हसऱ्या, बोलक्या, गुडघ्यांवर हात ठेवत चालणाऱ्या. मला कुठले म्हणून विचारलं, खराडीचा म्हटल्यावर म्हणाल्या, मग काय, जमीनवाले तुम्ही. मॅडमच्या साडीचा पोत त्यांनी हातात धरून बघितला, कुठे घेतली विचारलं. दोघींचं छान जमलं. अद्वैतनं घरी त्यांना काय सांगितलं होतं, काय नव्हतं, कोण जाणे. काचेपलीकडे माईकसमोर बसता बसता आत्यांनी सवयीनं विचारलं, "तुमचं आडनाव काय हो?"

"कांबळे," मॅडम म्हणाल्या.

आत्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यावर काकूंची वाक्यं होती आणि समोरच्या पात्राचं नाव होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काचेअलीकडे अद्वैत उभा होता, त्याला कुठे बघावं कळेना. मॅडमनी हेडफोन कानांवर चढवले आणि सुरू करा म्हणून खूण केली.

आत्यांनी पहिलं वाक्य म्हटलं, जागा कालच गेली हो. आवाज कापरा आला. दुसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा उगाचच चढला, रागावल्यासारखा. मॅडमनी बटण दाबून पलीकडे समजावलं, अगदी शिकवणीतल्या बाईंसारखं हळुवार.

"रागानं नाही, काकू. हे कधीच रागानं म्हणत नाहीत. चांगलं हसून म्हणतात. आधी माणसाला पायापासून वरपर्यंत बघून घेतात. मग 'कालच' म्हणताना किंचित थांबायचं, आणि 'हो' म्हणेपर्यंत दार अर्धं लावून झालेलं असतं."

कॉलेजात त्या वसतिगृहातच का राहिल्या आणि आमटीची चव सांगून त्यांनी मला का गप्प केलं होतं, ते तेव्हा कळलं.

आत्यांनी कागद मांडीवर ठेवला. "मी असं म्हणते का हो?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी हेडफोन कानांवर नीट बसवले. मग म्हणाल्या, "मागच्या रेकॉर्डिंगला फार सहज म्हटलं होतंत. तसंच हवंय."

आत्यांचे डोळे भरले होते, पण बाई मानी होत्या, उठून गेल्या नाहीत. त्यांनी पाणी प्यायलं, कागद उचलला, माईककडे तोंड केलं, ओठांवर हसू आणलं आणि ते वाक्य म्हटलं. तंतोतंत तसंच, गोड, दार लावत लावत. मॅडमनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं.

"हेच," त्या म्हणाल्या. "हे ठेवा."

मग त्यांनी डोळे उघडले, शंकरपाळ्यांच्या डब्यातली एक तोंडात टाकली आणि पुढचं वाक्य कोणतं आहे ते अद्वैतला विचारलं.